भाकरीला 'हामोत्झी' नाही?

तुम्ही कर्जतचे असाल, खोपोलीचे असाल, नाहीतर चौक-खालापूरकडचे, तर हा प्रश्न खास तुमच्यासाठी. समजा, तुमच्या घरी एक ज्यू पाहुणा जेवायला आलाय. धर्म काटेकोर पाळणारा. आईने तव्यावरून उतरवलेली तांदळाची गरमागरम भाकरी त्याच्या पानात वाढली, सोबत वालाचं बिरडं. हात धुऊन तो पानावर बसला. जेवणाआधी भाकरीवर म्हणायची म्हणून ज्यू लोकांची जी प्रसिद्ध प्रार्थना आहे, ती तो म्हणेल का?

नाही म्हणणार. कारण त्याच्या धर्मशास्त्राच्या हिशेबात तांदळाची भाकरी ही भाकरीच नाही!

खरं सांगते, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला थोडा रागच आला. ज्या कर्जतमध्ये भाताचं संशोधन केंद्र आहे, ज्या गावाच्या नावाने 'कर्जत-३' आणि 'कर्जत-१८४' अशा भाताच्या जाती निघाल्या, तिथल्या भाकरीला हे असं म्हणणार? मग चिडून आणखी वाचत गेले आणि पोहोचले थेट आपल्याच जिल्ह्यात.

आधी ती प्रार्थना काय आहे ते बघू. हिब्रूत अशा छोट्या स्तुतिवचनाला 'बेराखा' म्हणतात. सुरुवात जवळजवळ ठरलेली असते: हे परमेश्वरा, आमच्या देवा, विश्वाच्या राजा, तू स्तुत्य आहेस. पुढचा तुकडा मात्र समोर काय आहे त्यावर बदलतो. भाकरी असेल तर 'हामोत्झी', म्हणजे जमिनीतून भाकरी काढणारा तो. द्राक्षरस किंवा वाइन असेल तर 'हागाफेन', वेलीचं फळ निर्माण करणारा तो. झाडाच्या फळाला वेगळी बेराखा, जमिनीतल्या भाजीला वेगळी, सुवासालासुद्धा वेगळी. यात एक गंमत लक्षात घ्या. ही भाकरीला पवित्र करण्याची प्रार्थना नाही आणि देवाकडे काही मागणंही नाही. खाण्याआधी मालकाला विचारणं म्हणा हवं तर. तालमूद या ग्रंथात म्हटलंय की बेराखा न म्हणता या जगातलं काही उपभोगणं म्हणजे देवाच्या मालकीची वस्तू परस्पर उचलण्यासारखं आहे. आपण शाळेत डबा उघडायच्या आधी हात जोडून श्लोक म्हणायचो, किंवा घरातले आजोबा पानाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालतात, तो घास अडवून धरणारा क्षण तुमच्या ओळखीचा आहेच.

आता 'जमिनीतून भाकरी' हे जरा तपासू. जमिनीतून भाकरी येते का? येतो गहू. कापणी, मळणी, दळण, मळणं, भाजणं हे सगळं माणूस करतो. कच्चा गहू चावून खाल्ला तर त्याला 'हामोत्झी' नाहीच, जमिनीच्या पिकाची साधी बेराखा. द्राक्षाचंही तसंच. घडातून तोडून खाल्लं तर इतर फळांसारखं फळ, पण त्याची वाइन झाली की स्वतःची बेराखा मिळते. म्हणजे माणसाचा हात लागल्याने ज्यांची पायरी वाढते अशा या दोन वस्तू आहेत. आणि तरी प्रार्थनेत माणसाचं नावही नाही, सगळं श्रेय देवाला! काही जुन्या पंडितांनी हे वाक्य भविष्याबद्दलचं मानलं: एक दिवस असा येईल की जमिनीतून थेट तयार भाकऱ्याच उगवतील. मला मात्र दुसरा तपशील जास्त आवडला. 'हामोत्झी'चे हिब्रू शब्द मोजले तर दहा भरतात, आणि म्हणून ती म्हणताना भाकरी दोन्ही हातांच्या दहा बोटांनी धरायची असा रिवाज आहे. ती थापतानाही दहाच बोटं लागतात, हे कुठल्याही कर्जतकर आईला विचारा.

मग तांदूळ का वगळला? नियम असा की 'भाकरी' हा मान पाचच धान्यांना: गहू, बार्ली, राय, ओट आणि गव्हाचाच एक जुना भाऊ. तालमूदमध्ये तांदळावर चर्चा झाली आहे आणि त्याला पोट भरणाऱ्या अन्नाची म्हणून वेगळी बेराखा मिळालीही, पण 'हामोत्झी' नाही. नाचणीचं तर त्या पाचांत नावच नाही. नियम घडले ते गहू-जवाच्या मुलखात. भाताच्या खाचरांत राहणाऱ्यांनी काय करायचं?

इथे आपले बेने इस्रायली येतात. त्यांच्या परंपरेप्रमाणे अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली. ही माणसं कोकणातल्या गावांत पांगली, तेलाचे घाणे चालवू लागली, मराठी बोलू लागली आणि गावांच्या नावावरून आडनावं घेऊ लागली: पेणकर, रोहेकर, चेऊलकर, दिवेकर. ग्रंथ नव्हते, हिब्रू विसरली गेली. पण शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद. गावाने नाव ठेवलं 'शनिवार तेली'. विचार करा, भाषा गेली, पुस्तक गेलं, टिकली ती आठवड्याची सुट्टी! शुक्रवारी सूर्यास्ताला पेल्यावर जी 'किद्दुश' म्हणतात, तिच्यात या सुट्टीची दोन कारणं येतात. एक, देवाने सृष्टी घडवून सातव्या दिवशी विसावा घेतला. दुसरं, आपण मिसरच्या गुलामीतून सुटलो. गुलामाला सुट्टी नसते. पार्ट-टाइम नोकरी करून कॉलेज करणाऱ्यांना हे दुसरं कारण समजावून सांगायची गरज नाही.

हिब्रू परत आली ती फार नंतर. काही कोचीनच्या ज्यू शिक्षकांकडून आणि काही, आश्चर्य वाटेल, ख्रिस्ती मिशनऱ्यांकडून. ज्यांच्या नावाचं कॉलेज चौपाटीवर आहे त्या जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरणाचं पुस्तक काढलं. मिशनऱ्यांना आशा धर्मांतराची होती. झालं उलटंच. बेने इस्रायली हिब्रू शिकले आणि आणखी पक्के ज्यू झाले. १८४६ मध्ये मुंबईत मराठी अर्थासह 'हग्गादा' छापली गेली. वल्हांडणाच्या रात्री वाचायची ही पोथी. त्या रात्री चार पेले आणि बिनखमिराची भाकरी असते. १८७४ च्या पुण्याच्या आवृत्तीतल्या चित्रात जमिनीवर बसून ही भाकरी करणाऱ्या बायका साडीत आहेत.

भाकरीचा प्रश्न सुटला तो गव्हाने. घरची गव्हाची चपाती 'हामोत्झी'ला चालते. शब्बाथला दोन अख्ख्या ठेवायच्या, कारण वाळवंटात शुक्रवारी आकाशातून दुप्पट अन्न पडायचं अशी कथा आहे. पहिला तुकडा मिठाला लावून खायचा, कारण जेरुसलेमच्या मंदिरात अर्पणाला मीठ लागायचं आणि आता मंदिर नाही तर घरचं टेबल हीच वेदी. किद्दुश होईपर्यंत भाकरीवर कापड झाकून ठेवतात. का? तर एरवी पहिला मान तिचा, पण आज आधी पेल्याला मान मिळणार, मग तिला वाईट वाटेल! एका चपातीचं मन जपणारं हे धर्मशास्त्र वाचून माझा मघाचा राग बराच उतरला.

आणि वाइन? कोकणात द्राक्षाचा वेल कुठून आणणार? त्यावर उत्तर निघालं काळ्या मनुकांचं. मनुका धुऊन काही तास पाण्यात भिजवायच्या, हाताने कुस्करायच्या किंवा वाटायच्या आणि फडक्यातून गाळायच्या. झालं किद्दुशचं शरबत. दारू नाही, तरी ही पळवाट नाही बरं का; मनुकांच्या रसावर किद्दुश चालते हे तालमूदलाच मान्य आहे. मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे त्यातला घोट घेतात.

तांदूळ मात्र मागच्या दाराने नाही, पुढच्याच दाराने घरात आला: मलिद्यातून. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर किंवा गूळ, सुकामेवा, वर फळं. लग्नाआधी, नवस फेडताना, नवं घर घेतल्यावर एलियाहू हानाबी म्हणजे प्रेषित एलियाच्या नावाने हे ताट मांडतात आणि झाडाचं फळ, जमिनीचं फळ, सुवास अशा एकेका बेराखा म्हणतात. जगातल्या इतर ज्यूंकडे हा विधी अशा रूपात नाही. हा आपल्या मातीतला. जुन्या सणांची नावंच ऐका: खिरीचा सण, बिरड्याचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाच्या दिवसाला यांनी वालाच्या बिरड्याचं नाव दिलं!

कर्जत-खालापूरहून हे सगळं लांब नाही. पनवेलचं बेथ एल सिनेगॉग १८४९ चं, अलिबागचं मागेन आबोथ त्याच्या एक वर्ष आधीचं. रोज लोकलने जाताना ठाण्यात उतरत असाल तर तिथे शाआर हाशामाईम आहे, १८७९ चं. आणि सीएसएमटीच्या अलीकडचं मशीद स्टेशन? बेने इस्रायली आपल्या प्रार्थनाघराला 'मशीद' म्हणत. सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधलेल्या मुंबईतल्या पहिल्या सिनेगॉगवरूनच या स्टेशनला नाव पडलं असं मानतात.

इमारती राहिल्या, माणसं गेली. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला स्थायिक झाली. महाराष्ट्राने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तोवर अनेक गावं रिकामी झाली होती. सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, आणि कोकणातल्या कित्येक सिनेगॉगमध्ये एवढे जमवणं हेच कठीण काम आहे. भाकरीच्या बेराखेचं मात्र तसं नाही. तिला ना दहा माणसं लागतात, ना पुजारी. एकटा माणूस, एक चपाती आणि भूक असली की पुरे. म्हणूनच सिनेगॉगला कुलूप लागलं तरी एखाद्या फ्लॅटमध्ये शुक्रवारी संध्याकाळी मनुका कुस्करल्या जाऊ शकतात.

हे सगळं मी परवा आईला सांगत होते. ती भाकरी थापत होती. तांदळाचं ऐकून तीही आधी फुरंगटली, मग म्हणाली, "बरं, गव्हाची पुरी चालते का?" मला येईना. शोधलं. यावर पंडितांत शेकडो वर्षं वाद आहे, कारण पीठ मळलं भाकरीसारखं पण भाजलं नाही, तळलं. शेवटी सोळाव्या शतकातल्या 'शुल्खान आरुख' या नियमग्रंथाने सुचवलं की देवाला भिऊन वागणाऱ्याने आधी साध्या भाकरीवर 'हामोत्झी' म्हणावी, मग तळलेलं खावं.

"म्हणजे दोन्ही करायचं," आई म्हणाली. "तरीच म्हटलं, हे लोक आपल्याकडचे वाटतात."