खुब्याच्या अस्थिभंगाचे खिळ्याने स्थिरीकरण

मांडीच्या हाडाचे (ऊर्वस्थीचे) वरचे टोक मोडल्यास शस्त्रक्रियेने ते भाग जुळवून धातूच्या खिळ्याने पक्के करण्याची पद्धत. उतारवयात हाडे ठिसूळ झाल्याने घरातल्या घरात पडूनही असा भंग होतो. स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक आढळते.

पूर्वी पायाला वजन बांधून रुग्णास कित्येक आठवडे निजवून ठेवीत. त्यामुळे शय्याव्रण, फुप्फुसशोथ व रक्ताच्या गुठळ्या होऊन अनेक वृद्ध दगावत. बॉस्टन येथील मारियस स्मिथ-पीटरसन यांनी १९२५ मध्ये ऊर्वस्थीच्या मानेसाठी तीन पात्यांचा खिळा वापरला. पात्यांमुळे हाडाचे शीर्ष फिरत नाही. मानेखालील भंगात आता पुष्कळदा मज्जापोकळीत खिळा व त्यातून शीर्षात जाणारा स्क्रू बसवितात. क्ष-किरण पडद्यावर पाहत लहान छेदांतून हे काम होते.

मानेचा भंग सरकलेला असल्यास शीर्षाचा रक्तपुरवठा तुटण्याचा संभव असतो. अशा वृद्धांत बहुधा खिळ्याऐवजी कृत्रिम शीर्ष किंवा सांधा बसवितात.

खिळ्यामुळे हाड लवकर सांधत नाही. मात्र ते सांधेपर्यंत रुग्णास उठून चालता येते. म्हणून शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांत उरकून दुसऱ्याच दिवशी त्यास उभे करतात. वृद्धाचे जीवित पुष्कळदा यावरच अवलंबून असते.