शैक्षणिक मानसशास्त्रातील संशोधन मार्गदर्शन : आधार आणि त्याची माघार

प्रस्तावना

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ मधील विनियमांनुसार एम. फिल. अभ्यासक्रम बंद झाला. चार वर्षांच्या पदवीत किमान ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यास पीएच. डी. प्रवेशासाठी थेट पात्रता मिळाली. परिणामी, संशोधनाचा प्राथमिक सराव देणारी मधली पायरी गळाली. ते कार्य आता मार्गदर्शकाकडे आले आहे. ते कसे पार पाडावे, याचा विचार प्रस्तुत लेखात शैक्षणिक मानसशास्त्रातीलच एका संकल्पनेच्या आधारे केला आहे.

आधाराची संकल्पना

विद्यार्थी स्वबळावर जे करू शकतो आणि जाणत्याच्या साहाय्याने जे करू शकतो, यांतील अंतरास लेव व्हिगॉट्स्की (१८९६–१९३४) यांनी समीपस्थ विकासाचे क्षेत्र म्हटले. वुड, ब्रूनर व रॉस यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या ३० मुलांना २१ लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचावयास दिला. मूल अडले की मदत वाढवावयाची, जमू लागले की आवरती घ्यावयाची, असे साहाय्याचे सूत्र होते. या साहाय्यास त्यांनी इमारतीच्या परांचीची उपमा दिली. रुची जागविणे, काम आटोपशीर करणे, उद्दिष्टावर लक्ष टिकविणे, महत्त्वाच्या बाबी निदर्शनास आणणे, वैफल्य आवरणे आणि प्रात्यक्षिक दाखविणे, ही साहाय्यकाची सहा कार्ये त्यांनी सांगितली.

मार्गदर्शनातील उपयोजन

समजा, एका संशोधकास इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांची परीक्षा-चिंता मोजावयाची आहे व उपलब्ध चाचणी इंग्रजीत आहे. मार्गदर्शकाने अनुवादित चाचणी हाती ठेवली, तर प्रबंध पुढे सरकतो, संशोधक मात्र जेथल्या तेथे राहतो. ‘तुम्हीच करून आणा’ म्हटले, तर कित्येक महिने वाया जातात. मधला मार्ग असा : पहिल्या काही विधानांचा अनुवाद व पश्चानुवाद दोघांनी मिळून करावा, उरलेली विधाने संशोधकाने करावीत, पथदर्शी चाचणीनंतर कोणते विधान का वगळले, याचे समर्थन त्यानेच द्यावे. विश्वसनीयता व सप्रमाणता यांचा अर्थ तेथे उमगतो.

विनियमांनी प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक व सहायक प्राध्यापक यांच्यासाठी अनुक्रमे ८, ६ व ४ संशोधकांची मर्यादा घातली असून प्रत्येक सत्रात सल्लागार समितीपुढे सादरीकरण आवश्यक केले आहे. या तरतुदी उपयुक्त आहेत. तथापि मदत केव्हा द्यावी आणि केव्हा थांबवावी, हे त्यांतून ठरत नाही.

समारोप

सत्राच्या सादरीकरणापूर्वी मार्गदर्शकाने स्वतःस एकच प्रश्न विचारावा : मागील सत्रात मी केलेले कोणते काम आता संशोधक स्वतः करतो? याचे उत्तर देता येत नसेल, तर परांची उतरविण्याचा विचारच झालेला नाही, असे समजावे.