आडत्या कोणाच्या बाजूचा?

सांगलीच्या बाजारात हळदीचा सौदा ज्याने पाहिला आहे, त्याला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. शेतकरी आपला माल आडत्याच्या दुकानी उतरवतो, खरेदीदार येतात, भाव ठरतो. आडत्याचे खरेदीदारांशी रोजचे संबंध असतात, चहापाणी असते. तरीही भाव ठरताना तो कोणाच्या बाजूने उभा आहे, हे सर्वांनाच ठाऊक असते. आमच्या घरी तीन पिढ्या आडतीचा व्यवसाय आहे. हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याखेरीज आमच्या आण्णांनी कधी मालाचा भाव उच्चारला नाही. अशा घराने सलग बारा वर्षे एक कागद न उघडता, न वाचता, दरवर्षी धनादेश देऊन विकत घ्यावा, याला काय म्हणावे? तो कागद म्हणजे आमच्या थोरल्या काकांच्या, तात्यांच्या, आरोग्य विम्याची पॉलिसी.

आमच्या आत्याचे जावई विमा प्रतिनिधी आहेत. मनाने सरळ, कार्याला धावून येणारे. "घरचाच माणूस आहे, त्यालाही चार पैसे मिळतील," एवढ्या एका विचारावर तात्यांची तीन लाखांची पॉलिसी घेतली गेली आणि पुढे नूतनीकरणाचा धनादेश दिवाळीच्या फराळाबरोबर जात राहिला. आपल्या समाजातल्या पुष्कळ घरांत विमा असाच, नात्याच्या भिडेने येतो. त्यात कोणाची लबाडी नसते. चौकशी मात्र कोणीच केलेली नसते.

पेढीच्या पायरीवरून पाय घसरून तात्या पडले आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. सूर्यास्तापूर्वीचे जेवण घरूनच न्यायचे, सकाळी त्यांना शांतपणे जाप्य करता यावे, येणाऱ्या-जाणाऱ्यांचीही सोय व्हावी, म्हणून आम्ही दिवसाला सहा हजारांची स्वतंत्र खोली घेतली. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजार आहे, हे आम्हांला बिल हाती आल्यावर कळले. फार तर वरचे तीन हजार आपण भरू, असे आम्ही मनाशी म्हटले. हिशेब तसा नव्हता.

आकडे सोयीसाठी पूर्णांकात देतो, कारण आपल्या वाचकांना आकड्यांची भाषा लवकर कळते. पाच दिवसांचे एकूण बिल २,८०,००० रुपये. त्यात खोलीभाडे ३०,०००. शस्त्रक्रिया, भूल, शुश्रूषा वगैरे १,२०,०००. औषधे, तपासण्या आणि हाडात बसवलेला धातूचा भाग मिळून १,१०,०००. हातमोजे, पट्ट्या अशा न मिळणाऱ्या वस्तूंचे २०,०००. मर्यादेच्या दुप्पट भाड्याची खोली घेतल्यामुळे कंपनीने भाडे तर निम्मे केलेच, शिवाय डॉक्टरांचे व शस्त्रक्रियेचे शुल्कही त्याच प्रमाणात निम्मे केले. याला प्रमाणशीर कपात म्हणतात. औषधे, तपासण्या आणि शरीरात बसवलेली साधने तिच्यातून वगळलेली असतात, म्हणून तेवढे पूर्ण मिळाले. हाती आले १,८५,०००. खोलीपायी आम्ही जादा खर्चले होते पंधरा हजार. त्यापोटी कापले गेले पंचाहत्तर हजार. आणि ते कापले गेले नियमानेच; तक्रार करावी अशी जागा कोठे नव्हती.

जावईबापूंना विचारले, तेव्हा त्यांनी प्रांजळपणे सांगितले की त्यांच्या कंपनीकडे त्या वेळी तेवढीच योजना होती. हे खरेच होते. कायद्याने व्यक्तिगत विमा प्रतिनिधीला एक आयुर्विमा कंपनी, एक सर्वसाधारण विमा कंपनी आणि एक केवळ आरोग्य विम्याची कंपनी, एवढ्यांचेच काम करता येते. तो कंपनीचा माणूस असतो. गिरणीचा विक्रेता आपल्या गिरणीचेच कापड दाखवणार. शेजारच्या गिरणीचे ठाण अधिक टिकाऊ आहे, हे त्याने सांगावे अशी अपेक्षा आपण दुकानात कधी करत नाही. विम्यात मात्र करतो.

विमा ब्रोकरचे स्थान निराळे आहे. त्याला विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाकडून नोंदणी प्रमाणपत्र घ्यावे लागते. ग्राहकाशी थेट काम करणाऱ्या ब्रोकर संस्थेला किमान ७५ लाखांचे भांडवल दाखवावे लागते आणि स्वतःच्या चुकीने ग्राहकाचे नुकसान झाल्यास त्याची भरपाई करता यावी म्हणून स्वतःचाही विमा उतरवावा लागतो. तो अनेक कंपन्यांच्या योजना दाखवू शकतो, दाव्याच्या वेळी मदत करू शकतो आणि कायद्याच्या दृष्टीने ग्राहकाचा प्रतिनिधी असतो. आपल्या गावांत दारी येणारा तरुण बहुधा स्वतः ब्रोकर नसतो. तो एखाद्या ब्रोकर संस्थेच्या वतीने ठरावीक सोप्या पॉलिसी विकणारा असतो. त्यात वावगे काही नाही, पण संस्था कोणती हे विचारून तिचे प्रमाणपत्र पाहावे.

मग ब्रोकरला पैसे कोण देते? विमा कंपनीच. हे ऐकून आण्णांनी भुवया उंचावल्या. पण हा प्रकार आपल्याला नवा नाही. २०१६ साली आपल्या राज्यात फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरले. आडत्या म्हणून काही खरेदीदाराचा झाला नाही. तरी ज्या हप्त्यात दलाली जास्त, तिकडे मन ओढ घेणारच, माणूस आहे. म्हणून ब्रोकरला दोन गोष्टी निःसंकोच विचाराव्यात: या पॉलिसीत तुम्हांला किती मिळते, आणि दाखवलेल्या तीन योजनांखेरीज चौथी का दाखवली नाही? ग्राहकाने विचारल्यास दलालीचा दर सांगणे हे त्याच्या आचारसंहितेतच आहे. या प्रश्नाने जो रागावतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

इचलकरंजीच्या एका सूत-व्यापारी स्नेह्यांच्या गोदामाचा आगीचा विमा ज्या ब्रोकरमार्फत आहे, त्यांनाच आम्ही बोलावले. गृहस्थ बसले आणि "किती लाखांचा हवा?" असे न विचारता त्यांनी घरातल्या नऊ माणसांची यादी मागितली: वय, जुनी दुखणी, चालू गोळ्या, आणि वेळ आली तर आपण मिरजेला जाणार की पुण्याला. नऊही जण एकाच पॉलिसीत घालण्याचा आमचा बेत त्यांनी तेथेच मोडला. सामायिक पॉलिसीचा हप्ता सहसा सर्वांत थोरल्या व्यक्तीच्या वयावर ठरतो. सत्तरीकडे झुकलेल्या तात्यांमुळे तिशीतल्या सुनांचाही हप्ता वाढला असता. ज्येष्ठांच्या वेगळ्या आणि तरुण जोडप्यांच्या वेगळ्या पॉलिसी ठरल्या. एकत्र कुटुंबाची पॉलिसीही एकत्रच हवी असे नाही, हे पटायला आमच्या काकूंना थोडा वेळ लागला.

खरा पेच अर्ज भरताना आला. आण्णा सहा वर्षांपासून साखरेची एक गोळी घेतात. ते म्हणाले, "एकच तर गोळी आहे, ती कशाला लिहायची? हप्ता वाढेल." खरे सांगायचे तर आम्हां सर्वांच्या मनात तेच होते. ब्रोकरनी लेखणी खाली ठेवली आणि म्हणाले, "आण्णा, लिहायची नसेल तर हा अर्ज माझ्या हातून जाणार नाही." बैठकीत क्षणभर कोणी बोलेना. मग त्यांनी आमच्याच भाषेत हिशेब मांडला. आजार सांगून घेतला तर त्यासाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त छत्तीस महिने. ती संपली की त्या आजाराचा खर्चही मिळतो. लपवला, तर सलग साठ महिने होईपर्यंत कंपनीला माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारण्याची मुभा. आणि त्यानंतरही फसवणूक सिद्ध झाली तर संरक्षण नाहीच. "तीन वर्षे उघडपणे थांबायचे की पाच वर्षे धास्तीत काढायची, एवढाच प्रश्न आहे. आणि रुग्णालयाच्या कागदावर 'मधुमेह, सहा वर्षे' हे शब्द डॉक्टर लिहितातच. ते तुम्हांला पुसता येत नाहीत."

आण्णांनी गोळीचे नाव, मात्रा आणि ती सुरू केल्याचे वर्ष स्वतःच्या हाताने लिहिले. एका कंपनीने अर्ज नाकारला. दुसरीने हप्ता वाढवून आणि तीन वर्षांची अट घालून स्वीकारला. तिसरीचा हप्ता सर्वांत कमी होता. ब्रोकरनी त्यातली एक ओळ बोटाने दाखवली. ज्येष्ठांच्या प्रत्येक दाव्यातला वीस टक्के भाग ग्राहकाने सोसायचा. पाच लाखांच्या बिलात एक लाख घरचे. आम्ही दुसरी घेतली. या वेळी खोलीभाड्याची ओळ आम्ही सर्वांत आधी वाचली, मर्यादा नव्हती.

तात्यांची जुनी पॉलिसी मोडून नवी घ्यावी, असे आमच्या मनात होते. तेही त्यांनी होऊ दिले नाही. नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करून पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेता येते आणि जुन्या विमा रकमेपुरती पूर्ण झालेली प्रतीक्षा सोबत येते. मोडली असती तर बारा वर्षांची पुण्याई वाया गेली असती. नव्या कंपनीला अर्ज नाकारण्याचा अधिकार असतो, म्हणून उत्तर येईपर्यंत जुनी सोडायची नाही.

व्यवहाराच्या काही गोष्टी ओघात सांगून टाकतो. "पहिल्या हप्त्यातून माझी दलाली तुम्हांला परत करतो," असे आमिष आम्हांलाही एकाने दाखवले. व्यापाऱ्याला सूट म्हटले की गोड वाटते. पण विमा कायद्याच्या ४१ व्या कलमाने अशी सूट देणे आणि घेणे, दोन्ही निषिद्ध आहे आणि दंड दहा लाखांपर्यंत होऊ शकतो. हप्ता रोख भरू नये; आयकराच्या जुन्या पद्धतीत मिळणारी वजावट रोख हप्त्यावर मिळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी शून्य झाला आहे, तेव्हा जुन्या पावतीवरून नव्या हप्त्याचा अंदाज बांधू नये. पॉलिसी हाती आल्यावर तीस दिवसांत ती परत करता येते. सोबतचे माहितीपत्रक मराठीतही मागता येते. ते घरातल्या सुनेने किंवा लेकीने मोठ्याने वाचून दाखवावे. आमच्याकडे तसेच झाले आणि तात्यांच्या जन्मवर्षातली चूक तेथेच सापडली.

समाजाच्या संस्था सभासदांसाठी समूह विमा काढतात, तो जरूर घ्यावा. वैद्यकीय तपासणीशिवाय वृद्धांना संरक्षण मिळण्याचा तो अनेकदा एकमेव मार्ग असतो. पण त्याच्या अटी संस्था आणि कंपनी यांच्यात ठरतात आणि पुढच्या वर्षी बदलू शकतात. तरुणांनी केवळ त्यावर विसंबू नये, असे मला वाटते.

दावा अन्यायाने नाकारला गेलाच, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे जाता येते. आपल्या भागासाठी ते कार्यालय पुण्यात आहे. वकील लागत नाही, शुल्क नाही, आणि ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देववू शकतात. ब्रोकरविरुद्धची तक्रारही आता तेथे चालते.

आण्णांची तीन वर्षे संपण्याची तारीख पेढीच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मावत नाही, म्हणून त्यांनी ती रोजकीर्दीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे. जावईबापू दिवाळीला आले, तेव्हा सर्व काही त्यांना सांगितले. क्षणभर उतरलेला त्यांचा चेहरा काकूंनी वाढलेल्या अनारशांनी पुन्हा खुलला. मग ते आण्णांना म्हणाले, "त्या ब्रोकरना माझ्या घरचीही पॉलिसी एकदा दाखवू या का?" आमच्या टेम्पोचा विमा अर्थात आजही त्यांच्याकडेच आहे.