उसाच्या रानातला वाघोबा

जुन्नर तालुक्यातल्या पिंपळवंडीच्या आसपास बिबट्या आता पाहुणा नाही. कुकडी प्रकल्पाच्या धरणांचं पाणी आलं, पाठोपाठ कारखाना आला आणि जुन्नर-आंबेगावच्या पूर्वेकडच्या उघड्या रानात ऊस उभा राहिला. वर्षभर न हलणाऱ्या या लपणात मादी विते आणि पिलं तिथेच वाढतात. त्याच तालुक्यांच्या पश्चिमेला, महादेव कोळ्यांच्या वाड्यांवर, या जनावराशी नातं फार जुनं आहे. वाघबारशीला, म्हणजे आश्विन वद्य द्वादशीला, गुराखी वाघोबाच्या शेंदरी दगडापुढे खिरीचा नैवेद्य ठेवतात आणि गुरं राखण्याचं साकडं घालतात. समाजशास्त्राचे अभ्यासक या पूजेत सहजीवनाचा पुरावा पाहतात. मला तो अर्धाच वाटतो. साकडं घालणाऱ्यालाही काही पाळावं लागतं: दिवेलागणीआधी गुरं कोंडायची, गोठ्याला पक्का कूड घालायचा, पोर एकटं रानात धाडायचं नाही. ही शिस्त सुटली की हाती नुसता शेंदूर उरतो. परंपरा आजच्या जगण्यात आणायची तर आधी ही शिस्त आणायला हवी, आणि ते काम एकट्या समाजशास्त्राचं नाही.

वन्यजीवशास्त्राने आपला वाटा उचलला, पण चटका बसल्यावर. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार १९९३ ते २००१ या काळात जुन्नर वनविभागात बिबट्यांचे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्याचा सपाटा सुरू झाला आणि ही सरासरी १७ वर गेली. म्हणजे जनावराला त्याच्या जागेवरून उठवणं माणसालाच महागात पडलं. आज ऊसतोडीत पिलं सापडली की माणिकडोहच्या निवारा केंद्राचे पशुवैद्य त्यांना तपासतात. अंधार पडताना पिलं त्याच फडात क्रेटमध्ये ठेवली जातात, माणसं मागे सरतात, आणि मादी येऊन एकेक पिलू तोंडात धरून नेते. जनावराची जागा मानायची, हे भान वाघोबाच्या भक्तांनाही होतं. इथे ते विज्ञानाच्या हाताने परत आलं आहे.

यावर रास्त आक्षेप आहे: घरातलं लेकरू गेलेल्या आईला वाघोबा काय सांगता? २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड-जांबूत भागात, तीन आठवड्यांत तिघांचा जीव गेला. माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागली. अशा वेळी सहनशीलतेचे धडे देणं क्रूरपणाचं आहे. माणसांवर वारंवार चाल करणारा बिबट्या हटवलाच पाहिजे, गरज पडली तर मारूनही. पण एक गेला तरी ऊस उभा आहे, तिथे दुसरा येतो. दुसरा आक्षेप असा, की डोंगरातली शिस्त बागायतीत चालत नाही. खरंच आहे. दिवेलागणीला घरात यायचं म्हटलं तरी शेतीची लाईट रात्रीची असेल तर दारं धरायला अंधारातच जावं लागतं, आणि वाकलेला माणूस बिबट्याला लहान जनावर भासू शकतो. ही शिस्त शेतकऱ्याने एकट्याने पाळायची नाही. ती महावितरणच्या वेळापत्रकात उतरली पाहिजे. घराच्या भिंतीपासून ऊस किती लांब असावा, हे कृषीशास्त्राने सांगावं. आणि कोणत्या फडाची तोड कधी लागणार आहे, हे कारखान्याच्या शेतकी विभागाने वनखात्याला आठवडाभर आधी कळवावं.