दिंडीच्या मुक्कामी वाहनातील वीज : सोय, हिशेब आणि दक्षता

आषाढी वारीशी परभणी जिल्ह्याचे नाते जुने आहे. संत जनाबाईंचे गंगाखेड गोदावरीच्या काठी याच जिल्ह्यात वसलेले असून, शेगावहून पंढरपूरकडे जाणारी श्री गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड या मार्गानेच पुढे जाते. लहान दिंड्याही गावोगावहून निघतात. त्यांच्याबरोबर सामानाचा एखादा टेम्पो असतो. सायंकाळी शाळेच्या पटांगणात किंवा मोकळ्या शिवारात राहुट्या उभ्या राहतात आणि पहिला प्रश्न उभा राहतो तो उजेडाचा.

महावितरणकडून रीतसर तात्पुरती जोडणी घेणे हा यावरील सर्वांत चांगला मार्ग होय. परंतु एका रात्रीच्या मुक्कामासाठी ते प्रत्येक गावी साधत नाही. मग कोठे जनित्र लावले जाते, तर कोठे तारांवर आकडा टाकला जातो. आकडा टाकणे हा विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १३५ खाली गुन्हा तर आहेच. शिवाय पावसाळ्यातील ओल्या जमिनीवर तो जिवावर बेतू शकतो. राहुटीलगत चालणाऱ्या जनित्राच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंग-गंधहीन असल्याने झोपलेल्या माणसास त्याची चाहूलही लागत नाही. या पार्श्वभूमीवर, विजेवर चालणाऱ्या वाहनाच्या बॅटरीतून मुक्कामाची गरज भागविता येईल काय, याचा विचार करणे उपयुक्त ठरेल.

चाकांवरील विजेची टाकी

विजेवरील वाहनाची बॅटरी म्हणजे एक टाकीच होय. पाण्याची टाकी लिटरमध्ये मोजतात, तशी ही टाकी युनिटमध्ये मोजतात. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले, की एक युनिट खर्ची पडते. अमेरिकेत २०२२ मध्ये ग्राहकांच्या हाती आलेल्या फोर्ड एफ-१५० लाइटनिंग या पिकअप गाडीत ९.६ किलोवॅटपर्यंत वीज बाहेर देण्याची सोय होती आणि रानातील तंबूंसाठी तिचा वापर होऊ लागला. आपल्याकडे टाटा नेक्सॉन ईव्ही या मोटारीच्या २०२३ च्या आवृत्तीत ३.३ केव्हीएपर्यंत वीज बाहेर देण्याची सोय आली. मात्र प्रत्येक विद्युत वाहनात ही सोय असतेच असे नाही. उत्पादकाच्या पुस्तिकेत तसा स्पष्ट उल्लेख आहे काय, हे प्रथम पाहावे. नसल्यास बॅटरी व इन्व्हर्टर एकत्र असलेला स्वतंत्र संच गाडीत ठेवणे, हाच योग्य पर्याय होय.

एका रात्रीचा हिशेब

शंभर वारकऱ्यांची दिंडी उदाहरणादाखल घेऊ. नऊ वॅटचे २० एलईडी दिवे पाच तास लावल्यास ०.९ युनिट लागेल. त्यांतील पाच दिवे आणखी पाच तास ठेवल्यास सुमारे ०.२ युनिट, भजनासाठी दीडशे वॅटचा ध्वनिक्षेपक तीन तास चालविल्यास ०.४५ युनिट आणि शंभर भ्रमणध्वनींना प्रत्येकी १५ वॅट-तास धरल्यास १.५ युनिट वीज लागेल. मधुमेही वारकऱ्यांचे न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. त्यासाठी लहान शीतपेटीचे सुमारे अर्धे युनिट धरावे. एकूण साडेतीन आणि इन्व्हर्टरमधील घट धरून चार युनिट.

२०२२ मध्ये जाहीर झालेल्या टाटा एस ईव्ही या मालवाहू गाडीची बॅटरी २१.३ युनिटांची आहे. एवढीच टाकी गृहीत धरू. तिचा पाचवा हिस्सा हात न लावता राखून ठेवला, तर वापरास १७ युनिट उरतात. भरलेल्या गाडीस किलोमीटरला ०.२ युनिट धरल्यास पुढच्या २५ किलोमीटरच्या टप्प्यास पाच युनिट लागतील. म्हणजे दिवसाचा एकूण खर्च नऊ युनिट. पहिली रात्र निभावते. परंतु मध्ये बॅटरी भरली नाही, तर दुसऱ्या दिवशी हिशेब तुटतो. पंधरा अँपिअरच्या सॉकेटवरून तासाला सुमारे तीन युनिट भरता येतात, म्हणून रोज तीन तासांची सोय आधीच ठरवून ठेवावी.

स्वयंपाक मात्र या हिशेबात बसत नाही. दोन हजार वॅटची एकच विद्युत शेगडी दोन तासांत चार युनिट, म्हणजे साऱ्या मुक्कामाची वीज संपविते. शंभर पानांचा स्वयंपाक गॅसवरच करावा.

साहित्य आणि दक्षता

बाहेर वीज नेण्यासाठी २.५ चौरस मिलिमीटरची, तीन तारांची, जाड रबरी आवरणाची केबल वापरावी. गुंडाळी पूर्ण उलगडावी, अन्यथा ती तापते. जोड जमिनीवर न ठेवता उंचावर व झाकलेले असावेत. गळती होताच वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी उपकरण बसवावे. मात्र ते वाहनाच्या विजेवर खरोखर काम करते काय, हे परवानाधारक तंत्रज्ञाकडून निघण्यापूर्वी तपासून घ्यावे. पाण्याचा पंप सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो, म्हणून पंपाचा भार टाळावा. चालकाजवळील १२ व्होल्टच्या छिद्रातून शंभर-सव्वाशे वॅटहून अधिक अपेक्षा करू नये. गाडीच्या मुख्य बॅटरीस स्वतः तार जोडण्याचा प्रयत्न तर कदापि करू नये. अनेक मोटारींत तिचा दाब तीनशे व्होल्टांहून अधिक असतो.

ग्रामपंचायतींना काय करता येईल?

पालखी मार्गावरील ग्रामपंचायतींनी आपल्या कार्यालयात अथवा सभागृहात योग्य अर्थिंग असलेले पंधरा अँपिअरचे एक सॉकेट व त्यास स्वतंत्र मापक बसविल्यास आकारणीचा प्रश्न उरणार नाही. मुक्काम शाळेत असेल, तेथे मुख्याध्यापकांनी अर्थिंगची तपासणी वारीपूर्वी करून घ्यावी. दिंडीप्रमुखांनी दररोज सायंकाळी शिल्लक युनिट, रात्रीचा खर्च आणि उद्याचा टप्पा या तीन गोष्टी वहीत मांडाव्यात. रात्री अंधारात बाहेर जाणाऱ्या वृद्ध स्त्रीच्या वाटेवर दिवा असावा आणि सकाळी सामानाची गाडीही वाटेत अडकू नये, ही दोन्ही कामे त्या वहीतील तीन ओळींवर अवलंबून आहेत.