खोगीर कसं असावं? घोड्यालाही सुखाचं आणि स्वारालाही



पाचवीच्या वर्गात एकदा 'खोगीरभरती' हा शब्द आला. मी नेहमीप्रमाणे अर्थ सांगितला, "उगाच जागा भरण्यासाठी घातलेली निरुपयोगी माणसं किंवा वस्तू." मुलांनी वहीत लिहून घेतलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र हात वर करून म्हणाला, "बाई, आमच्या घोडीच्या खोगिरात भरलेलं असतंय ते निरुपयोगी नसतंय. ते नसलं तर तिच्या पाठीला लागंल ना!"

त्याच्या घरी वरातीची घोडी आहे. मला उत्तर सुचलं नाही. "उद्या सांगते," म्हटलं आणि त्या 'उद्या'पायी पुढचे दोन महिने आमचा वर्ग खोगीर या एकाच वस्तूभोवती फिरत राहिला. विज्ञान, गणित, भाषा, कार्यानुभव, सगळं त्यात आलं. आम्ही जे शिकलो (आणि मी जे चुकले) ते इथे मांडते.

आधी प्रश्न नीट समजून घेऊ. खुर्ची एका माणसासाठी बनवायची असते. खोगीर दोन शरीरांच्या मध्ये बसतं. वरचं शरीर बोलतं, तक्रार करतं, पैसे देतं. खालचं शरीर बोलत नाही. त्यामुळे बाजारात खोगीर घेताना आपण वरून बघतो: बैठक मऊ आहे का, रंग चांगला आहे का, आरसे-गोंडे आहेत का. खरं खोगीर उलटं करून बघायला हवं. घोड्याचा संबंध फक्त त्या खालच्या बाजूशी येतो.

आता घोड्याची पाठ. आपल्याला ती सपाट फळीसारखी वाटते, पण मधोमध पाठीचा कणा असतो. मणक्यांची टोकं कातडीच्या अगदी जवळ असतात, त्यांच्यावर वजन मुळीच चालत नाही. कण्याच्या दोन्ही बाजूंना लांब, जाड स्नायू असतात आणि त्यांच्याखाली बरगड्यांचा आधार असतो. वजन पेलायची जागा ही. पुढच्या बाजूला खांद्याचं पसरट हाड आहे. घोडा पुढचा पाय टाकतो तेव्हा या हाडाचं वरचं टोक मागे सरकतं. खोगीर त्याच्यावर आलं तर प्रत्येक पावलाला ते हाड खोगिरावर आपटतं. मागच्या बाजूला घोड्याच्या बरगड्यांच्या 18 जोड्या संपतात आणि कंबर सुरू होते. तिथे खालून बरगड्यांचा आधार नाही, म्हणून खोगीर शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये. म्हणजे एवढ्या मोठ्या जनावराच्या पाठीवर आपल्या हक्काची जागा किती, तर खांद्याच्या मागे आणि शेवटच्या बरगडीच्या पुढे, कणा सोडून दोन पट्टे. मुलांनी फळ्यावर हे काढलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "एवढीशीच?" हो, एवढीशीच.

यानंतर मी दाबाचा पाठ घेतला. घमेल्यात ओली वाळू घेतली. त्यावर एक वीट आधी आडवी ठेवली, मग उभी. वीट तीच, वजन तेच. उभी वीट जास्त रुतली. मोजमाप घेतलं तर आडव्या विटेचा तळ साधारण 250 चौरस सेंटीमीटर आणि उभ्या विटेचा 77 च्या आसपास. म्हणजे तेच वजन एक तृतीयांशपेक्षाही कमी जागेवर आलं. हेच गणित आम्ही घोडीवर लावलं. समजा स्वार 60 किलोचा आणि खोगीर 8 किलोचं, एकूण 68 किलो, म्हणजे 68,000 ग्रॅम. खोगीर 1360 चौरस सेंटीमीटर जागेवर नीट टेकलं तर प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर 50 ग्रॅम. पण ते फक्त पुढे आणि मागे टेकलं, मध्ये अधांतरी राहिलं आणि टेकलेली जागा 400 चौरस सेंटीमीटरच उरली, तर 170 ग्रॅम. हे घोडा नुसता उभा असताना. दुडकी चालीत स्वार वर-खाली होतो, तेव्हा पाठीवरचा भार क्षणाक्षणाला वजनाच्या साधारण दुपटीपर्यंत जातो.

दाब किती यासोबत तो किती वेळ, हेही बघावं लागतं. आपण मांडी घालून बसलो की पायाला मुंग्या येतात, मग आपण पाय हलवतो. कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या आणि तशाच राहिल्या तर त्या जागेला रक्त पोचत नाही, आणि जखम कधी कधी आतून सुरू होते, वरून दिसते फार उशिरा. आता वरात डोळ्यांसमोर आणा. घोडी चालत नाही, उभीच असते. डीजेपुढे नाच चाललेला, दोन-दोन तास. वर नवरदेव, त्याच्यापुढे एखादं भाचरू बसवलेलं. नवरदेवाचे पाय रिकिबीत पोचत नाहीत, शेरवानी आवळलेली, त्यामुळे तो मागे रेलून बसतो. सगळा भार खोगिराच्या मागच्या कडेवर. शर्यतीच्या घोड्याला पळावं लागतं, पण त्याच्या पाठीवरचं ओझं काही मिनिटांत उतरतं. वरातीच्या घोडीचं तसं नाही.

एका शनिवारी त्या मुलाचे वडील घोडी घेऊन शाळेच्या मैदानावर आले. (मुलांना दहा पावलांवर बसवलं होतं. घोडीजवळ फक्त मालक आणि मी.) ते म्हणाले, "स्वभावानं चांगली आहे, पण तंग आवळायला लागलं की चावायला येते. खोडकर झालीय." तंग म्हणजे पोटाखालून जाणारा पट्टा, ज्याने खोगीर जागेवर राहतं. मला तेव्हा त्या चावण्याचा अर्थ कळला नाही. पाठीवर दोन्ही बाजूंना रुपयाएवढे पांढऱ्या केसांचे ठिपके होते. तांबूस घोडीवर ते नक्षीसारखे दिसत होते. नंतर समजलं, की सततच्या दाबाने केसांची मुळं दुखावली की तिथे पुढे पांढरे केस उगवतात. तो जुन्या त्रासाचा शिक्का असतो.

इथे माझी चूक सांगते. मी मोठ्या उत्साहाने सुचवलं, "दादा, खोगिराखाली एक जाड गोधडी घाला की. मऊ लागेल तिला." त्यांनी घातली. पंधरा दिवसांनी मुलगा म्हणाला, "बाई, आता ती जास्तच चावतीय." वर्गात चर्चा केली तर एका मुलीने एका वाक्यात सोडवलं: "बूट घट्ट होत असेल आणि आपण जाड मोजे घातले तर?" अगदी बरोबर. खोगीर आधीच अरुंद असेल तर जाड गोधडीने ते आणखी आवळतं. सैल बुटात मोजा घालून चालतं, घट्ट बुटात नाही. गोधडीने माप सुधारत नाही. गोधडीचा दोष नाही, सल्ला देणाऱ्या बाईंचा आहे!

मग आम्ही माप घ्यायला शिकलो. पद्धत सोपी आहे आणि खोगीर बनवणारे जाणकार तीच वापरतात. वाकवली की तशीच राहणारी जाड तार घ्यायची. घोडी सपाट जागी चारही पायांवर सारखी उभी करायची. खांद्याच्या हाडाच्या मागे दोन बोटं सोडून तार पाठीवर आडवी दाबायची, हलकेच उचलायची आणि कार्डशीटवर ठेवून पेन्सिलीने गिरवायची. मग आणखी मागे एकदा, आणि बैठकीच्या मागच्या टोकाशी एकदा. तीन कमानी मिळाल्या. पहिली उंच आणि चिंचोळी, शेवटची पसरट. मुलांना आश्चर्य वाटलं ते डावी-उजवी बाजू सारखी नसल्याचं. मी त्यांना एकमेकांचे खांदे बघायला लावले. दप्तर एकाच खांद्यावर अडकवणाऱ्यांचे लगेच ओळखू आले.

पहिली कमान पुठ्ठ्यातून कापून आम्ही त्यांच्या खोगिराच्या पुढच्या भागात धरली. खोगिराच्या आत लाकडाचा सांगाडा असतो (आता प्लास्टिक-फायबरचेही मिळतात), तो उलट्या व्ही सारखा दोन्ही बाजूंना उतरतो. त्याचा कोन घोड्याच्या कोनाशी जुळायला हवा. सांगाडा अरुंद असला तर टोकं खांद्यामागे रुततात, फार रुंद असला तर खोगीर खाली बसून थेट कण्यावर टेकतं. आमचा पुठ्ठा आत गेलाच नाही. खोगीर अरुंद होतं. मालकांनी ते दुसऱ्या गावच्या एका घोडेवाल्याकडून घेतलं होतं, दुसऱ्याच घोड्याचं. दुसऱ्याच्या चपला घालून वरातीत दोन तास उभं राहायचं, असा प्रकार.

त्यानंतर खोगीर उलटं केलं. खालच्या बाजूला दोन लांब गाद्या असतात आणि त्यांच्या मधून पन्हळ जाते. कणा त्या पन्हळीखाली मोकळा राहिला पाहिजे. पन्हळ पुढून मागेपर्यंत साधारण तीन-चार बोटं रुंद हवी. स्वार बसल्यावरही पुढून पाहिलं तर आरपार उजेड दिसला पाहिजे. ही कल्पना फार जुनी आहे. अमेरिकी लष्कराने 1859 मध्ये स्वीकारलेल्या मॅक्लेलन खोगिरात तर बैठकीच्या मधोमध लांब फटच ठेवलेली होती, कण्यावर काहीच येऊ नये म्हणून. गंमत म्हणजे त्या खोगिरावर सुरुवातीला कच्चं कातडं ताणून बसवलेलं असे. ते तडकलं की शिवणी स्वारालाच टोचायच्या! घोड्याचा विचार केला आणि स्वाराचा राहून गेला, असंही होतं.

गाद्यांची शिवण उसवली तेव्हा आत काय निघालं? चिंध्या, एका साडीचा काठ, सुतळी आणि दगडासारखे घट्ट झालेले कापसाचे गोळे. मुलं ओरडली, "बाई, खोगीरभरती!" शब्दाचा अर्थ वाईट का झाला हे त्या दिवशी समोर दिसलं. आत काय आहे ते कुणाला दिसत नाही, म्हणून काहीही कोंबलं जातं. पण घोड्याच्या बाजूने बघितलं तर खोगिरातला सर्वांत महत्त्वाचा भाग तोच. तो गोळा पाठीवरच्या पांढऱ्या ठिपक्याच्या बरोबर वर येत होता.

भरण्यासाठी लोकर चांगली. ती लवचीक असते, दाबली तरी पुन्हा फुलते. आमच्या भागात धनगरांकडे लोकर मिळते. मालकांनी ती धुऊन, पिंजून आणली. थोडी थोडी भरायची, हाताने चाचपत, गाठ राहू द्यायची नाही. फार गच्च भरली तर गादी गोल होते आणि मधल्या एका रेषेवरच टेकते, फार सैल भरली तर सांगाडा लागतो. एकदा भरली की झालं असंही नाही. लोकर दबत जाते, ती अधूनमधून पुन्हा मोकळी करून भरावी लागते.

आता स्वाराकडे येते. त्याची सोय वेगळी आणि घोड्याची वेगळी असं मानलं की गडबड होते. बैठकीचा सर्वांत खोल भाग मधोमध हवा. तो मागे असला तर स्वार मागे सरकतो आणि घोड्याच्या कमरेवर ओझं पडतं. रिकीब कुठून टांगली आहे तेही बघावं. नीट बसलेल्या स्वाराचा कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत येतात. रिकीब फार पुढे असली की माणूस खुर्चीत बसल्यासारखा बसतो आणि तोल सावरायला लगाम ओढतो, म्हणजे घोड्याचं तोंडही दुखतं. रिकिबीची लांबी मोजायची युक्ती मुलांना फार आवडली: बोटांची टोकं पट्ट्याच्या वरच्या टोकाशी लावायची, रिकीब काखेपर्यंत आली की माप साधारण बरोबर. आपल्या देशात सांचीच्या शिल्पांत स्वाराच्या पायाच्या अंगठ्यासाठी नुसता फास दिसतो. रिकिबीचा तो फार जुना अवतार. टाच खाली टेकवून तोल धरण्याची सोय त्यात नव्हती.

तंगाबद्दल थोडंसं. एकदम आवळू नये. आधी सैल लावावा, घोड्याला चार पावलं चालवावं, मग एक भोक वाढवावं. तंग आणि अंग यांच्यामध्ये बोटं जायला हवीत. आणि चावायला येणारी घोडी 'खोडकर' ठरवण्याआधी तिच्या पाठीवरून हाताने दाबत जावं. ती पाठ खाली चोरते का, कान मागे पाडते का ते बघावं. आमच्या वर्गातल्या एका 'त्रासदायक' मुलाला चष्मा लागलेला निघाला होता, त्याची मला तेव्हा आठवण झाली.

खोगीर जमलं की नाही हे घोडीचा घाम सांगतो. स्वारी झाल्यावर खोगीर उचलून पाहावं. दोन्ही बाजूंना सारखा ओला ठसा आणि मध्ये कण्यावर कोरडी पट्टी असेल तर ठीक. ओल्या भागात मध्येच कोरडा ठिपका असेल तर तिथे एकतर खोगीर टेकतच नाही किंवा इतकं दाबतंय की घामही आला नाही. कुठलं ते हात फिरवून, खोगीर तपासून ठरवायचं.

पालकांनी सहलीत, समजा माथेरानला, मुलांना घोड्यावर बसवण्याआधी एवढं तरी बघावं: पाठीवर ओली जखम नाही ना, आणि बसणाऱ्याचं वजन. खोगिरासकट ओझं घोड्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावं असं जाणकार मानतात. 300 किलोच्या तट्टाला 60 किलो. यात खोगीरही आलं, म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी चालत गेलेलं बरं. मी स्वतः चालतच जाणार आहे!

आमच्या घोडीचं पुढे काय झालं असं बरेच जण विचारतील. लोकर भरल्यावर घामाचा ठसा बराच सारखा झाला. तंग लावताना ती अजून मान वळवते, पण दात लावत नाही. सांगाडा मात्र तोच अरुंद आहे. लग्नसराईत ती उतरते तेव्हा कसाबसा बसतो, पावसाळ्यात हिरवा चारा खाऊन भरली की नाही बसत. नवीन खोगीर करायला पैसे लागतात आणि घरात त्याआधीचे खर्च आहेत. तोपर्यंत त्यांनी एक केलंय: नाच लांबला की नवरदेवाला दर अर्ध्या तासाने खाली उतरवतात आणि तंग सैल करतात. वरातीतले लोक कुरकुर करतात. तेव्हा आमचा तो विद्यार्थी पुढे होऊन त्यांना विटेचा प्रयोग सांगतो म्हणे.