मूठ वळता यावी, आवरताही यावी

राजूरहून जालन्याकडे आणि भोकरदनकडे जाणाऱ्या सकाळच्या एसटीत शाळा-कॉलेजच्या मुली असतात. पाठीवर दप्तर, हातात पास आणि एका पायावर उभे राहायला मिळाले तरी नशीब. अशा गर्दीत एखादा हात चुकून लागतो आणि एखादा मुद्दाम लागतो. यातला फरक मुलीला क्षणात कळतो. ती घरी सांगते किंवा सांगत नाही. सांगितलेच तर बहुतेक घरांत एकच सल्ला मिळतो. कुणाकडे ‘दुर्लक्ष कर, बोभाटा नको’ म्हणतात, कुणाकडे ‘बेटा, सब्र कर’ म्हणतात. शब्द वेगळे, अर्थ तोच. गप्प बस.

रमजान हा सब्रचा महिना मानला जातो. त्यामुळे याच महिन्यात या शब्दाचा अर्थ नीट पाहायला हवा. अरबीत सब्रच्या मुळाशी रोखून धरणे, बांधून ठेवणे असा अर्थ आहे. हाच शब्द मराठीत ‘सबुरी’ होऊन आला आणि शिर्डीच्या साईबाबांमुळे घराघरांत पोहोचला. पण रोखून धरायला आधी हाती काहीतरी असावे लागते. घरात अन्न आहे, माठात गार पाणी आहे आणि तरी माणूस मगरिबच्या अजानपर्यंत हात आवरतो, त्याला रोजा म्हणतात. घरात काहीच नाही म्हणून उपाशी राहणाऱ्याची ती लाचारी असते. जिला उलटून बोलता येत नाही, हात सोडवता येत नाही, तिच्या गप्प बसण्यालाही सब्र म्हणता येणार नाही. ती असहायता आहे.

कुस्तीत दुसऱ्याला चीत करणारा खरा बलवान नव्हे, रागाच्या क्षणी जो स्वतःला आवरतो तोच खरा बलवान, अशा आशयाची पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची हदीस प्रसिद्ध आहे. रोजाला त्यांनी ढाल म्हटले आहे आणि रोजादाराशी कुणी भांडायला आले तर त्याने आपला रोजा असल्याचे सांगून बाजूला व्हावे, अशी शिकवण दिली आहे. म्हणजे हात उचलण्याआधी तोंडाने स्पष्ट सांगायचे आणि अंतर ठेवायचे. कराटेचा जाणता शिक्षक पहिल्या दिवशी जवळपास हेच शिकवतो.

मराठी माणसाला हे परके वाटू नये. आपल्या गावोगावच्या ‘तालमी’चे नावच अरबी ‘तालीम’, म्हणजे शिक्षण, या शब्दावरून पडले आहे. वस्ताद आणि पैलवान हे शब्द फारसीतून आले आणि लाल मातीत मुरले. तालमीत उतरताना मातीला हात लावून कपाळाला लावतात, तसे कराटेच्या वर्गात शिरताना आणि निघताना कमरेतून वाकून अभिवादन करतात. त्या जागेला जपानीत ‘दोजो’ म्हणतात. दोजो म्हणजे मार्ग शिकण्याची जागा.

कराटे वाढले ते जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटावर. ते गुपचूप शिकवले जाई. इतोसू आंको या गुरूंच्या प्रयत्नांनी १९०१ च्या सुमारास ते तिथल्या शाळेत आले. त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी (१८६८-१९५७) पेशाने शाळामास्तर होते. त्यांनी १९२२ मध्ये तोक्योत प्रात्यक्षिक दाखवले आणि ही विद्या जपानभर गेली. ‘कराटे’ या शब्दाचा आज रूढ असलेला अर्थ ‘रिकामा हात’ असा आहे. शिष्यांसाठी फुनाकोशींनी वीस सूत्रे सांगितली. त्यांतले पहिले सूत्र आदराचे आहे आणि दुसरे सांगते की कराटेत पहिला वार आपला नसतो. हल्ल्याची कला शिकवणाऱ्यानेच हे आधी सांगावे, यात या विद्येचे मर्म आहे.

हे मर्म जगाने एकदा फार मोठ्या व्यासपीठावर पाहिले. ७ ऑगस्ट २०२१ ही तारीख भारतीयांना नीरज चोप्राच्या भाल्यामुळे पाठ आहे. त्याच दिवशी तोक्योच्या निप्पॉन बुदोकानमध्ये ७५ किलोवरील पुरुष गटाची ऑलिंपिक कराटेची अंतिम लढत झाली. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी इराणच्या सज्जाद गंजजादेविरुद्ध ४-१ ने पुढे होता. आपल्या देशाचे पहिले ऑलिंपिक सुवर्ण त्याच्या हाताशी आले होते. तेवढ्यात त्याची एक उंच लाथ इतक्या जोरात बसली की गंजजादे बेशुद्ध होऊन कोसळला. त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. पंचांनी विचारविनिमय केला आणि मर्यादेबाहेर जोर लावल्याबद्दल हमेदीला बाद ठरवले. सुवर्ण गंजजादेला मिळाले, हमेदी रौप्यावर थांबला. खेळाच्या कराटेत लाथ लक्ष्यापर्यंत नेऊन तिथेच आवरता आली पाहिजे. ज्याला आवरता आली नाही, तो पुढे असूनही हरला.

मैदानावर पंच असतो, रस्त्यावर नसतो. म्हणून स्वसंरक्षणासाठी शिकायचे कराटे स्पर्धेच्या कराटेपेक्षा वेगळे असते. मुलीला वर्गात घालणाऱ्या पालकांनी हा फरक आधी समजून घ्यावा. संमेलनात कौले फोडून टाळ्या मिळतात, पण कौल उलटून हात धरत नाही. डोक्यापर्यंत जाणारी लाथ स्पर्धेत गुण देते. चिखलाच्या रस्त्यावर, सलवार-कमीज किंवा साडीत, पाठीवर दप्तर असताना ती मारणाऱ्याचाच तोल घालवते. ब्लॅक बेल्टच्या पहिल्या पायरीला जपानीत ‘शोदान’ म्हणतात, त्याचा अर्थच ‘सुरुवातीची पायरी’ असा आहे. पट्ट्याचा रंग झपाट्याने बदलत असेल आणि जोडीदाराबरोबर सराव मात्र होत नसेल, तर तिथे आत्मविश्वास मिळतो, कौशल्य मिळत नाही. असला खोटा आत्मविश्वास भीतीपेक्षा घातक असतो.

मग खरे शिकायचे काय? पहिला धडा अंतराचा. अनोळखी माणूस हाताच्या टप्प्यात येण्याआधी एक पाऊल मागे, पण सरळ मागे नाही, तिरके. दोन्ही तळवे छातीसमोर उघडे धरायचे. पाहणाऱ्याला ती ‘नको’ म्हणणारी खूण दिसते आणि हातही तयार राहतात.

दुसरा धडा आवाजाचा. कराटेत वाराबरोबर पोटातून आवाज काढतात, त्याला ‘कियाई’ म्हणतात. त्याने रोखलेला श्वास सुटतो आणि समोरचा क्षणभर दचकतो. बसमध्ये याच आवाजात ‘हात काढा!’ म्हणता आले पाहिजे. लहानपणापासून ‘हळू बोल’ ऐकलेल्या मुलींना वर्गात सर्वांत अवघड हेच जाते. मूठ लवकर वळते, आवाज फुटायला दिवस लागतात.

तिसरा धडा पकड सोडवण्याचा. कुणी मनगट धरले की मुलगी मागे ओढते. ही ताकदीची झुंज ठरते आणि त्यात ती हरते. धरणाऱ्याच्या पंजात चार बोटे एका बाजूला आणि अंगठा एकटा दुसऱ्या बाजूला असतो. पकड तिथेच कच्ची असते. म्हणून मागे ओढण्याऐवजी पाऊल पुढे टाकायचे, कोपर वाकवून त्याच्या दिशेने न्यायचे, मनगटाची अरुंद बाजू अंगठ्याच्या फटीकडे फिरवायची आणि झटक्याने काढून घ्यायची. केस धरले तर त्याचा हात आपल्या दोन्ही हातांनी डोक्यावरच दाबून धरायचा, म्हणजे ओढ कमी लागते. ओढणी गळ्याभोवती ताणली तर हनुवटी छातीला टेकवून ओढणाऱ्याकडेच वळायचे.

वार सर्वांत शेवटी. मूठ वळताना अंगठा बोटांच्या आत कधीच ठेवू नये, तो मोडतो. तो बाहेरून, बोटांवर आडवा ठेवायचा. मनगट सरळ ठेवून पहिल्या दोन बोटांच्या सांध्यांनी मारायचे. तरीही कवटीवर मूठ मारली तर नवशिक्याच्या हाताचेच हाड मोडते. त्यापेक्षा तळहाताचा मनगटाजवळचा टणक भाग वापरावा. जवळून कोपर आणि गुडघा, खाली नडगीवर बुटाची टाच. एक-दोन वारांनी समोरचा सुटला की तिथे थांबायचे नाही, पळायचे. लोकांच्या, उजेडाच्या, दुकानाच्या दिशेने. मोबाइल किंवा गळ्यातले मागणाऱ्याच्या हातात चाकू असेल तर वस्तू देऊन टाकायची. अनुभवी कराटेपटू याला हार मानत नाहीत. ज्या लढतीतून सुखरूप घरी येता येते ती जिंकलेलीच.

राजूरच्या वाचकांना याची एक परीक्षा दर अंगारकीला दिसते. गणपतीच्या साडेतीन पीठांत गणले जाणारे राजुरेश्वराचे देवस्थान इथले, आणि त्या दिवशी लाखोंची गर्दी लोटते. अशा दाटीत लाथ चालत नाही, मूठ चालत नाही. तिथे कराटेतली उभे राहण्याची रीत उपयोगी पडते. एक पाय पुढे, गुडघे किंचित वाकलेले, दोन्ही हात छातीसमोर, म्हणजे श्वासाला जागा राहते. लोंढ्याविरुद्ध जोर लावायचा नाही. रेटा ओसरला की तिरके सरकत कडेला यायचे. मूल असेल तर ते आपल्या पुढ्यात घ्यायचे.

कायदाही याच बेताचा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क दिला आहे. बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते. पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. मात्र हक्क वापरायला आधी मार खावा लागत नाही, धोक्याची रास्त भीती निर्माण होताच तो सुरू होतो आणि ती भीती असेपर्यंत टिकतो. बलात्कार, अपहरण, आम्लहल्ला अशा प्रसंगी कायदा बचावाला टोकापर्यंत मोकळीक देतो. पण हल्लेखोर पळाल्यावर पाठलाग करून मारले तर तो बचाव राहत नाही, सूड होतो. फुनाकोशींच्या सूत्राचा अर्थही असाच घ्यायचा. भांडण आपण सुरू करायचे नाही, म्हणून पहिला फटका बसण्याची वाटही पाहायची नाही.

सरकारी शाळांत समग्र शिक्षा अभियानातून राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षण प्रशिक्षण दिले जाते. त्याचा अवधी तीन महिन्यांचा. सुरुवात म्हणून ते मोलाचे आहे, पण तीन महिन्यांत शिकलेला हात सराव सुटला की तितक्याच दिवसांत विसरतो. आठवड्यातून दोनदा जोडीदाराबरोबर अर्धा तास, एवढे जरी पुढे चालू राहिले तरी अंगात मुरते. शाळेचे पटांगण त्याला पुरते, मोठी फी किंवा चकचकीत हॉल लागत नाही.

रमजानमध्येही सराव बंद करण्याचे कारण नाही, फक्त वेळ बदलावी लागते. दिवसा पाणी नसल्याने दुपारची दमछाक टाळावी. इफ्तारच्या आधी अर्धा तास संथ ‘काता’, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, पुरे. जोराचा सराव इफ्तारनंतर पाणी आणि हलके अन्न पोटात जाऊन दीड-दोन तास झाल्यावर, तरावीहची नमाज सांभाळून. चक्कर आली तर लगेच थांबावे. शरीर हीसुद्धा अल्लाहची अमानतच आहे.

मुस्लिम मुलीने हे शिकावे का, असे अजूनही विचारले जाते. उहुदच्या लढाईत पैगंबरांच्या रक्षणासाठी तलवार घेऊन उभ्या राहिलेल्या नुसैबा बिन्त काब यांचे नाव इस्लामी इतिहासात आदराने घेतले जाते. आणि ज्या दिवशी हमेदी हरला, त्याच दिवशी त्याच बुदोकानमध्ये इजिप्तच्या फेरियाल अब्देलअजीजने हिजाब घालून सुवर्ण जिंकले. ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारी ती इजिप्तची पहिली महिला.

पण सगळा भार मुलींवर टाकून घराने मोकळे होऊ नये. छेड काढणारा मुलगाही कुणाच्या तरी घरातच वाढलेला असतो. आपला भाऊ जुलूम करणारा असेल तर त्याचा हात धरणे हीच त्याला मदत, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. नजर, जीभ आणि हात यांचा रोजा मुलग्यांनीही पाळायचा असतो. बसमध्ये मुलीचा आवाज चढला की खिडकीबाहेर पाहणाऱ्या प्रवाशांनी मान वळवावी आणि कंडक्टरने गाडी थांबवावी. ११२ हा पोलिसांचा, १८१ महिलांचा आणि १०९८ बालकांचा क्रमांक मुलीच्या पाठ असावा. तिने संध्याकाळी घरी येऊन काही सांगितले, तर इफ्तारच्या दस्तरखानावर असो की देवघरापुढे, आधी तिचे पूर्ण ऐकून घ्यावे. ‘सब्र कर’ हा सल्ला नंतर देता येईल. तोवर कदाचित तिलाच कळलेले असेल की सब्र म्हणजे काय, आणि कुठे तो संपतो.